दादाने टाकलेली वायर

१

मी डॉक्टर आहे, पण पेशंटला हात लावत नाही. पेशंटच्या आतले फोटो बघते. हाडांचे, फुप्फुसांचे, मेंदूचे. अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसायचं, आलेला स्कॅन नीट वाचायचा आणि दिसलं ते लिहून पाठवायचं. या कामात चुका दोनच प्रकारच्या होतात. असलेलं न दिसणं आणि नसलेलं दिसणं. पहिल्या चुकीने पेशंट जातो, दुसरीने डॉक्टरची अब्रू जाते, असं आमचे सर म्हणायचे.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिच्याजवळ राहायला माहेरी आले. नवरा म्हणाला, "खुशाल राहा. फक्त जाताना ते वॉशिंग मशीन कुठल्या बटणाने थांबतं तेवढं सांगून जा." हॉस्पिटलने त्यांचा एक कॉम्प्युटर घरी न्यायला दिला. त्याचं वायफाय मुद्दाम बंद केलेलं. पेशंटची माहिती हवेत उडता कामा नये असा त्यांचा नियम, त्यामुळे तो वायरनेच जोडायचा.

कामासाठी मी वरची खोली निवडली. माझी आणि दादाची खोली. तिची एकुलती एक खिडकी शेजारच्या घराच्या कोऱ्या भिंतीकडे उघडते, म्हणून भर दुपारीही तिथे संध्याकाळ असते. लहानपणी त्यावरून आम्ही कुरकुर करायचो. आता मला तसाच अंधार हवा होता. टेबल तेच होतं. डाव्या कडेला दादाने करवतीची धार तपासायला मारलेल्या खाचा होत्या, आणि खण ओढला की आधी अडायचा आणि मग एकदम पोटावर यायचा. मी पहिल्याच दिवशी सवयीने पोट आत घेतलं आणि एकटीच हसले.

खालच्या राउटरपासून वरपर्यंत वायर होतीच. दादाने टाकलेली. एका सुट्टीत त्याने भिंत फोडून, नळी बसवून, परत लिंपून ती खालून वर आणली होती. बाबा पंधरवडाभर धुळीवरून बोलत राहिले आणि काम झाल्यावर पाहुण्यांना मात्र अभिमानाने दाखवत सुटले. मग आम्ही दोघं खेळायचो, तो वर आणि मी खाली बाबांच्या कॉम्प्युटरवर. मी हरले की तो पडद्यावर लिहून मला चिडवायचा, आणि ते वाचायच्या आधीच त्याचं हसू जिन्यातून खाली यायचं.

पुढच्या वर्षी दादाला ताप आला. साधाच वाटला होता. आठवड्याच्या आत तो गेला. बाबांनी त्याचा कॉम्प्युटर देऊन टाकला आणि टेबलामागच्या सॉकेटवर कोरी प्लेट बसवली. त्यावरून दोनदा रंग गेला. आता बाबाही नाहीत. मी सुरीने रंगाची कड कापली, प्लेट काढली, खाली वायरचं दुसरं टोक राउटरला लावलं आणि वर येऊन कॉम्प्युटर जोडला. हिरवा दिवा लागला. एवढ्या वर्षांनी त्याची वायर चालतेय हे बघून मला भरून आलं.

२

पण कॉम्प्युटर कमालीचा हळू चालायचा. स्कॅन वरून खाली एकेक ओळ करत उमटायचा, कुणी पडदा सरकवावा तसा. कवटीची कड दिसायची, मग बराच वेळाने डोळ्यांच्या खोबणी, आणि जबड्यापर्यंत येईतो माझी कॉफी गार झालेली असायची.

आधी वाटलं घराचंच इंटरनेट हळू असेल. पण त्याच खोलीत माझा फोन भन्नाट चालत होता. खाली आई टॅबलेटवर विणकामाचे व्हिडिओ बघायची, ते एकदाही अडकले नव्हते. मग राउटर बंद-चालू केला. कॉम्प्युटर बंद-चालू केला. टेबलावरची छोटी वायर बदलली. शेवटी कॉम्प्युटरच उचलून खाली नेला आणि राउटरला शेजारून जोडला. स्कॅन टिचकी वाजवल्यासारखा समोर. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष, राउटर निर्दोष. उरली भिंतीतली वायर.

"जुनी झालीय," मी आईला म्हणाले.

"मीही झालेय," आई म्हणाली. "मलाही बदलणार का?"

कॉम्प्युटर परत वर नेला आणि एक साधी चाचणी करून पाहिली. कॉम्प्युटरला सांगता येतं की अमुक मशीनला हाक मार. ते मशीन ओ देतं, आणि मधे किती वेळ गेला तो आकडा पडद्यावर येतो. घरातल्या घरात हाक आणि ओ यांच्यात वेळ जातच नाही म्हटलं तरी चालेल. मी खालच्या राउटरला हाक मारली, आणि आकडा आला तो समुद्रापलीकडच्या मशीनला हाक मारल्यावर यावा तसा.

वायर खराब असली की काही हाका वाटेत गळतात, काहींना ओ येतच नाही. हे मला माहीत होतं. इथे एकही गळत नव्हती. हाकेला ओ येत होती, न चुकता, सावकाश. वायरीत दोष असल्यासारखं ते वाटत नव्हतं. लांबून यावं तसं वाटत होतं.

३

केबलवाल्याला बोलावलं. गोल अंगाचा, कानावर पेन्सिल, जिना चढताना स्वतःशीच बोलणारा माणूस होता.

"ताई, आमच्या धंद्यात रोग तीनच," तो म्हणाला. "उंदीर, पाणी आणि घरातलं शहाणं माणूस. ही वायर कुणी टाकली?"

"भावाने."

"मग तिसरा रोग."

त्याच्याकडे एक टेस्टर होता. वायरच्या एका टोकाला लावला की वायर किती लांब आहे तो आकडा दाखवायचा. त्याने खाली राउटरपाशी टोक काढून लावलं, आकडा बघितला आणि टेस्टर तळव्यावर आपटला. पुन्हा बघितला.

"तुमच्या भावाने अख्खं बंडल भिंतीत कोंबलंय का? घर केवढं, वायर केवढी."

मला हसू आलं. दादाच्या बाबतीत ते अशक्य नव्हतं. केबलवाल्याने खात्रीसाठी पिशवीतला एक तुकडा मोजून बघितला. तो बरोबर आला. मग पुन्हा भिंतीतली वायर लावली. आता आकडा आधीपेक्षा मोठा होता.

"मशीन बावचळलंय," तो म्हणाला, पण विनोद केला नाही.

मग त्याने दुसरं साधन काढलं. एक डबी वायरला लावायची. ती वायरमध्ये शिट्टीसारखा आवाज सोडते. आणि हातात जाड पेनासारखी कांडी घेऊन भिंतीवरून फिरवायची. जिथे आत वायर असेल तिथे कांडी वाजते. टुईं टुईं, टुईं टुईं. तो भिंतीला कान दिल्यासारखा वाकून चालू लागला आणि मी मागोमाग. आवाज आईच्या खोलीच्या भिंतीतून गेला, जिन्याबरोबर वर चढला, वरच्या बोळात आला. इथून डावीकडे वळलं की आमची खोली. दादाने तिथेच वळण दिलं होतं, लिंपलेली रेघ अजून दिसते.

केबलवाला डावीकडे वळला. कांडी गप्प झाली. तो मागे आला, सरळ पुढे गेला, आणि कांडी पुन्हा वाजू लागली. बोळाच्या टोकापर्यंत. तिथे नुसती भिंत आहे. भिंतीपलीकडे हवा आणि खाली शेजाऱ्यांचं अंगण. त्याने बाजूची खिडकी उघडून मान बाहेर काढली. बाहेरच्या बाजूला उघडी भिंत होती आणि एक पन्हाळ. आत येऊन त्याने कांडी टोकाच्या भिंतीवर टेकवली. आवाज होता. बारीक, खोल, विहिरीत पडलेल्या घड्याळासारखा, आणि पुढे पुढे जाणारा.

"लोखंड असतं भिंतीत," तो म्हणाला. "आवाज फिरवतं."

"पण मग खोलीतल्या सॉकेटला दिवा कसा लागतो?"

त्याने कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. "ही नादाला लावणारी वायर आहे, ताई. सोडून द्या. मी सोमवारी येतो आणि बाहेरून नवी टाकतो."

डबी त्याने पिशवीत भरली. कांडी मात्र जिन्याच्या कठड्यावर राहिली. विसरला की ठेवून गेला, ते मला आजही सांगता येणार नाही.

४

आईची खोली खाली, जिन्याला लागून. ती पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसली होती, पाठ भिंतीला. मी कांडी हातात घेऊन आले तशी म्हणाली, "मघाशी काय वाजत होतं ते? बघू."

"आता नाही वाजणार. डबी घेऊन गेला तो."

"बघू तरी."

तिने कांडीचं टोक पाठीमागच्या भिंतीवर टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. चेहरा असा झाला की मला क्षणभर ती माझ्या शाळेच्या दिवसांतली दिसली. तेव्हा ती अशीच, डोळे अर्धे मिटून, रेडिओवरचं गाणं ओळखायची.

"बसलाय," ती म्हणाली.

मी कांडी घेतली. आधी विजेची बारीक गुणगुण होती, कुठल्याही भिंतीत असते तशी. मग तिच्या आतून खडखड. थांबायची आणि परत यायची. भराभर पाच-सहा टोले, एक जोरकस दणका, मग शांतता. मग पुन्हा.

मी कान काढला. विजेचा मीटर असू शकतो. पाण्याचा पाइप तापला की ठकठकतो. त्या काळातले सगळेच कीबोर्ड असे वाजायचे, हेही मी मनाशी म्हणाले, आणि त्याच क्षणी लक्षात आलं की कीबोर्ड हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. दादा दोन बोटांनी टाइप करायचा आणि शब्द संपला की अंगठ्याने असा दणका द्यायचा की टेबलावरचा कप हलायचा. दणक्यानंतरची शांतता म्हणजे तो लिहिलेलं वाचतोय.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"तू वरती जोडाजोड केलीस तेव्हापासून. दुपारी पडले की उशाशी येतं. आधी वाटलं औषधांचं असेल."

"मला सांगायचं नाहीस का?"

"तू लगेच डोक्याचा फोटो काढायला लावला असतास." तिने माझ्या हातातून कांडी परत घेतली. "कप नेऊन ठेवायचे मी याच्याजवळ. तसाच गार व्हायचा. परत गरम करून न्यायचा, तोही गार. तुझे बाबा म्हणायचे, थेट फ्रीजमधूनच देत जा त्याला."

आम्ही दोघी हसलो. भिंतीत दणका वाजला आणि आईने मान डोलावली, जसं कुणी आपल्या बोलण्याला दुजोरा द्यावा.

"मने," ती म्हणाली, "सोमवारी नवी टाकू दे त्याला. पण जुनी काढू नकोस."

५

सोमवारच्या आधीच एक फोन आला. हॉस्पिटलमधल्या सर्जनचा. एका बाईच्या मेंदूत रक्त साकळलंय का ते मी सांगायचं होतं, आणि तो स्कॅन माझ्या पडद्यावर कपाळापाशीच अडकला होता. "मॅडम, इथे टेबलावर पेशंट आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता आणि म्हणूनच मला घाम फुटला. मी कॉम्प्युटर तारांसकट मिठीत घेऊन जिना उतरले, राउटरला जोडला, साकळलेलं रक्त दिसलं, सांगितलं. बाई वाचली. पण पुन्हा वर बसायचं नाही हे मी तिथेच ठरवलं. हॉलच्या कोपऱ्यात पडदे ओढून काम मांडलं.

प्रश्न सुटला असं वाटलं. मग संध्याकाळी राउटरकडे लक्ष गेलं. जुन्या वायरच्या खाचेवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तो दिवा वायरच्या पलीकडे चालू मशीन असेल तरच लागतो. वर काहीच नव्हतं. मी वर जाऊन बघून आले. टेबल रिकामं, सॉकेट रिकामा. खाली आले. दिवा लुकलुकतच होता, पाच-सहा वेळा भराभर, मग थांबून, मग पुन्हा.

मी ती वायर राउटरमधून उपसली.

"मने, काय केलंस?" आतल्या खोलीतून आई म्हणाली. तिला राउटर दिसत नाही. तिला मी दिसत नव्हते.

"काही नाही."

"लाव ते परत." तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. अंधारात हात सुटलेल्या माणसाचा आवाज होता तो. मी वायर लावली.

त्यानंतर आईचं सुरू झालं. पहिल्यांदा मला कळलंच नाही. "आई, चहा टाकू का?" म्हटलं की तिचं "टाक" यायला जरा वेळ लागायचा. ऐकू कमी येतंय असं वाटलं. पण ऐकू नीट येत होतं. नजर माझ्याकडे असायची, चेहरा समजूतदार, आणि उत्तर मात्र वाटेत असायचं. परदेशी राहणाऱ्यांशी पूर्वी फोनवर बोलताना व्हायचं तसं. आपण विचारायचं, मधे समुद्र, मग उत्तर. दोघी एकदम बोलायला लागायचो आणि दोघी थांबायचो.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, भूल दिली होती, होतं असं. मी हट्टाने तिच्या मेंदूचा स्कॅन करून घेतला आणि स्वतः वाचला. तासभर वाचला. काही नव्हतं. माझ्या धंद्यात "काही नाही" हे लिहिताना मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

तिचा उशीर वाढत गेला. मी भाजी चिरताना विचारलेल्याचं उत्तर जेवताना येऊ लागलं. ती आनंदात होती, हेच मला सोसवेना. दुपारी भिंतीला पाठ लावून बसायची आणि मधेच हसायची. मी काहीही न बोलता.

६

केबलवाला एक सोमवार चुकवून आला, बाहेरून नवी वायर टाकली, वरच्या खोलीत नवा सॉकेट बसवला. सगळं सुसाट चालू लागलं. कांडी त्याच्या हातात दिली तेव्हा त्याने ती न बघताच पिशवीत टाकली आणि चहाला थांबला नाही.

दुपारी आई झोपली होती. मी राउटरमधून जुनी वायर काढली, तिचं टोक पक्कडीने कापून टाकलं आणि वर गेले. जुन्या सॉकेटची प्लेट उघडली आणि वायर बाहेर ओढू लागले. पूर्ण काढून टाकायची, म्हणजे विषय संपला. आईला राग येईल, येऊ दे.

वायर येत गेली. अडकली नाही, घासली नाही. निळी वायर, टेबलाखाली वेटोळं, मग वेटोळ्यावर वेटोळं. एक जिना आणि दोन भिंती एवढी वायर केव्हाच येऊन गेली होती. तरी येत होती. हातात थंड लागत होती, बाहेर गारठ्यात पडलेली असावी तशी. आणि पुढे पुढे येणारी वायर नवी होती. कोरी, चकचकीत, आणि तिला वास होता. बंडल उघडल्यावर येतो तो प्लॅस्टिकचा वास. त्या सुट्टीत आमच्या खोलीला, चादरींना, दादाच्या केसांनाही तोच वास होता. माझे हात आपोआप सावकाश झाले. खरं सांगायचं तर तेवढा वेळ मला भीती वाटत नव्हती. मला पंधराव्या वर्षी वाटायचं तसं वाटत होतं.

मग वायर ताणली गेली आणि पलीकडून एक झटका आला.

वायर नळीतून ओढताना दोघं दोन टोकांना असतात आणि भिंतीमुळे आवाज पोचत नाही. म्हणून दादाने खुणा ठरवल्या होत्या. दोन झटके म्हणजे ओढ. एक झटका म्हणजे थांब. मी खाली बसून वायर सोडायची आणि तो वर ओढायचा. मी घाई केली की एक झटका. हातातली वायर अशीच जिवंत व्हायची, गळाला मासा लागावा तशी.

मी थांबले. विचार करून नाही, हातच थांबले.

वायर ताणलेली होती आणि सॉकेटच्या चौकोनी भोकातून उजेड येत होता. तिथे विटा असायला हव्यात. मी गुडघ्यांवर बसले, गाल भिंतीला टेकवला आणि एक डोळा भोकाला लावला.

दुपारचा उजेड होता, आमच्या खोलीत असतो तसाच, संध्याकाळच्या रंगाचा. टेबलाची कड होती आणि तिच्यावर करवतीच्या खाचा. खाचांजवळ एक कोपर, तपकिरी स्वेटरातलं, आणि ते लहान लहान हलत होतं. कोपराच्या वर मला दिसत नव्हतं. मी मान वाकडी केली तरी दिसेना. कोपराशेजारी एक कप ठेवला गेला. ठेवणारा हात उजेडात आला, थांबला आणि कपाचा कान कोपराकडे वळवून मागे गेला.

हातावरून वय सांगणं मला जमतं. तो त्या सुट्टीतला आईचा हात नव्हता. बोटांची पेरं सुजलेली होती, मधलं बोट करंगळीकडे कललेलं, आणि मनगटाच्या मागे सलाइन लावल्याचा पिवळा पडलेला डाग होता. तो मी त्याच सकाळी तिला आंघोळीनंतर पावडर लावताना पाहिला होता.

मी मागे झाले. वायर माझ्या मुठीत होती आणि ताणलेली होती. आता ओढली तर काय या बाजूला येईल, आणि तोडली तर काय त्या बाजूला राहील, हे मला ठरवता येईना.

"आई," मी जिन्यातून हाक मारली. घर शांत होतं. खालून पंख्याचा आवाज येत होता.

मी वायर परत आत घालू लागले. वीतभर वीतभर. ती आत जात होती, कुणी पलीकडे हळूच घेत असल्यासारखी. शेवटचं वेटोळं संपलं तेव्हा खिडकीबाहेरची भिंत काळी पडली होती. मी प्लेट बसवली, खाली गेले. कापलेलं टोक होतं तिथेच होतं. दादाने शिकवलं होतं तसं त्याला नवं टोक चढवून ते राउटरला लावलं. दिवा लागला. आणि मी स्वयंपाकघरात पाणी पिताना आईच्या खोलीतून उत्तर आलं.

"आले गं."

७

आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. गुडघा उत्तम जुळला होता, हे मी स्वतः फोटोत पाहिलं. ती फक्त हळू होत गेली. मी सकाळी विचारायचे आणि तिसऱ्या प्रहरी उत्तर यायचं. आम्हाला दोघींनाही त्याची सवय झाली होती. मी प्रश्न विचारून कामाला लागायचे, जसं कुणी बी पेरून घरी जावं. नवऱ्याने एकदा फोनवर विचारलं, "आईंशी बोलायचंय, देतेस?" मी म्हटलं, "पत्र लिही, लवकर पोचेल." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

एका दुपारी वारा सुटला होता. ती पलंगावर होती, पांघरूण छातीपर्यंत, तोंड खिडकीकडे. "आई, खिडकी लावू का?" मी विचारलं आणि नेहमीप्रमाणे उत्तरासाठी न थांबता बाहेर गेले. एक स्कॅन यायचा होता. परत आले तेव्हा ती गेली होती. चेहरा कान दिल्यासारखा होता.

माणसं आली, बसली, गेली. नवरा आला आणि पुढे निघून गेला, मी आवराआवर करून येते म्हटलं. कपाटं रिकामी केली, भांडी वाटली, हॉस्पिटलचा कॉम्प्युटर खोक्यात भरला. जुन्या वायरचा दिवा त्या दुपारनंतर मी विझलेला पाहिला नव्हता. आई गेली त्या दिवशीही तो लागलेला होता. मी त्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

निघायच्या दिवशी टॅक्सी दाराशी उभी होती, आणि मी घराच्या खिडक्या एकेक करून लावत होते. हॉलची, स्वयंपाकघराची, वरची. शेवटी आईच्या खोलीत आले. पलंगावर गादी नव्हती. भिंतीवर तिच्या पाठीने पडलेला तेलकट डाग होता. मी खिडकीच्या कडीला हात घातला.

"नको गं मने," आई म्हणाली. "राहू दे उघडी. तेवढीच तू दिसतेस."

आवाज कुठून आला ते मी सांगू शकत नाही. मोठा नव्हता. झोपाळू होता आणि खुशीतला होता.

मी कडी सोडली. फळीच्या पलंगावर, कडेला, बसले. असलेलं न दिसणं आणि नसलेलं दिसणं यांच्यापलीकडे तिसरा रकाना मला कुणी शिकवला नव्हता. थोड्या वेळाने मी विचारलं, "दादाही आहे का गं तिथे?"

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला खूण केली, जरा थांबा.